ओस्बर्टची कबर

नॉर्फक, इंग्लंड, १६३१

आदरणीय पाळकसाहेब,

थॉमसिननं विहिरीत जीव दिला तेव्हा तिचं डोकं ठिकाणावर होतं, असा पंचांचा निवाडा झाला. म्हणजे जाणूनबुजून केलेलं आत्महत्येचं पाप: चर्चच्या आवारात जागा नाही, चौरस्त्यावर पुरून छातीत खुंटा. ठोकायचं काम माझं.

"बायबलातल्या शमशोननंही स्वतःवर देऊळ पाडून जीव दिला. तो मात्र संत?" मी विचारलं.

"त्याला देवाचा हुकूम होता. तू फावडं सांभाळ, शास्त्र मी सांभाळतो!" तुम्ही म्हणालात.

मी फावडं सांभाळलं. अंधारात खुंटा तिच्या शेजारच्या मातीत ठोकला. पहाटे तिला तिथून उचलून चर्चच्या आवारात म्हाताऱ्या ओस्बर्टसाठी खणलेल्या कबरीत तळाशी निजवलं, वर माती पसरली. सकाळी तुम्ही ओस्बर्टसाठी पुनरुत्थानाची प्रार्थना म्हणालात. मी दोघांसाठी आमेन म्हटलं.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. देवानं विचारलं, तर तोंडीच सांगेन.

तुमचा कबर खणणारा,
अँब्रोज टिली