जपानी काठ

आप्पा, तो फोटो परत आलाय. दोन बहिणींचा, जत्रेतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेला, मधोमध फाटलेला. तो माझ्या टेबलावर पडलेला आहे आणि धाकटीच्या गालावरून गेलेली पिवळी चिकटपट्टी मी बघते आहे. पट्टी मी लावलेली आहे. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि तिसऱ्या कुणालाच माहीत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

आधी सांगते की मी आता काय करते. मी नगरला चिकटवह्या करून देते. तुमच्या वेळी चिकटवही म्हणजे पोरांचा सुट्टीतला उद्योग होता. आता लोक वाढदिवसाला, डोहाळजेवणाला, साहेबांच्या निवृत्तीला करून मागतात. जुने फोटो, पत्रं, पहिल्या पगाराच्या मिठाईच्या पुड्याचा कागद, सगळं पिशवीत घालून आणून देतात आणि मी ते पानापानावर लावते. काम चांगलं जमतं मला. हे मी फुशारकीनं म्हणत नाही, तुमच्याच हाताचं आहे म्हणून म्हणते. लावायला एक जपानी कागदी टेप मिळते, नक्षीची. हातानं फाटते, आरपार थोडं दिसतं, आणि उचलली की खालचा कागद जसाच्या तसा. पहिल्यांदा घ्यायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाले, "वाशी टेप म्हणत्यात ताई हिला. वाशीवरून येतो माल." मी म्हटलं, "अहो, ते जपानी नाव आहे." तर म्हणाले, "आसंल. पर माल वाशीचाच हाय." मला हसू आलं आणि लगेच तुमची आठवण आली, कारण आपल्याकडे तिला आधीपासून शब्द होता. तुम्ही काठ म्हणायचात.

पहिलीत मी इतकी रडायचे की गुरुजींनी हात टेकले. मला वाटायचं, मी शाळेत असताना घरी काहीतरी होईल आणि ते माझ्यामुळे होईल. तुम्ही वाद घातला नाहीत. मला राहात्याच्या बाजारगल्लीतल्या आपल्या बायंडिंगच्या दुकानात पोत्यावर बसवलंत आणि जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पुढे टाकलात. तेच माझं पुस्तक. मी अक्षरं शिकले ती 'चि.' आणि 'सौ. कां.' पासून. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ अडखळत पहिल्यांदा वाचली आणि विचारलं, "आप्पा, जायचं?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "जाऊ की. आधी त्या पोरीचं आडनाव वाचून दाव, जोडाक्षर हाय." वाचून झालेल्या पत्रिकांच्या सोनेरी कडा तुम्ही पोलादी पट्टी धरून कापायचात. लग्नाचे अल्बम बांधताना फोटोच्या भोवती त्या पट्ट्या पिठाच्या खळीनं बसवायच्या. साडीला काठ, तसा कागदाला काठ. तुमचे दोनच नियम होते. काठ कडेला, तोंडावर न्हाई. आणि आज लावलेलं उद्या काढता आलं पायजे. खळ आपल्या घरी चुलीवर शिजायची, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून, आणि आई दर वेळी म्हणायची, "कागदाला पीठ खाऊ घाला समदं, आमी खातो मोरचूद."

मी चौथीत गेले त्या वर्षी, शहाण्णव-सत्त्याण्णवचा हिवाळा असावा, शिर्डीला उतरलेल्या एक जपानी बाई पाठ निखळलेलं पुस्तक घेऊन आल्या होत्या. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती. तुम्ही पुस्तक बांधून दिलंत, त्यांनी ते उघडून, मिटून, वासही घेऊन पाहिला आणि दुसऱ्या दिवशी येऊन एक गुंडाळी दिली. निळ्या कागदावर पांढरी बारीक फुलं. त्या गेल्यावर तुम्ही एक कोपरा फाडून उजेडात धरलात. फाटल्या कडेला केसांसारखे धागे निघाले होते. "बघ," तुम्ही म्हणालात, "पातळ हाय पर चिवट. आपल्या आईवानी." मग त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्यात आणि डब्यात ठेवल्यात. कुठल्याच लग्नाच्या अल्बमला त्या लावल्या नाहीत.

आणि मग त्या मावशी आल्या. कर्जतकडच्या, राहात्याला भाच्याकडे आलेल्या. पदराच्या गाठीतून फोटो काढला, दोन तुकडे. "दोगी माझ्याच लेकी. थोरली हाय," त्या म्हणाल्या, "धाकटी पयल्या बाळंतपनात गेली. तिचा ह्यो येवढाच फोटू. तिचं तोंड तेवढं नीट करा दादा. सांजच्या गाडीनं जायचंय मला." तुम्ही तुकडे जुळवून पाहिलेत. पाठीमागून जपानी काठ लावू, पुढून काही दिसायचं नाही, असं सांगितलंत. खळ संपली होती. तेवढ्यात शिर्डीच्या स्टुडिओतून निरोप आला, अल्बम आत्ता पाहिजेत. तुम्ही सायकल काढलीत. "खळ घेऊनच येतो. फोटूला हात लावू नको."

मी हात लावला. मस्ती म्हणून नाही, हे तुम्हाला तेव्हाही कळलं होतं. उन्हं उतरायला लागली, तुम्ही दिसेनात, आणि माझं तेच जुनं सुरू झालं. मावशी येतील, फोटो तयार नसेल, गाडी चुकेल, आणि मी तर इथे नुसती बसलेली. मी चिकटपट्टी घेतली. तुकडे इतके बरोबर जुळवले की रेघसुद्धा दिसेना. पट्टी पुढून लावली, नखानं दाबून गुळगुळीत केली. मला ते सुंदर वाटलं, आप्पा. काचेसारखं चमकत होतं.

तुम्ही आलात. एक कोपरा नखानं उचलून पाहिलात, तर पट्टीबरोबर गालाचा पापुद्रा यायला लागला. तुम्ही तो तिथेच पुन्हा बसवलात. मग शांतपणे खळ लावून मागून निळी पट्टी बसवलीत, जशी बसवायची होती तशी. मावशी आल्या. फोटो उजेडाकडे नेला, चमकणारा गाल पाहिला. "ह्ये काय झालं वं?" तुम्ही म्हणालात, "माझ्या हातनं झालं मावशी. चुकलं माझं." त्यांनी फोटो पुन्हा पदराच्या गाठीत बांधला. "तुमाला लई लोक चांगलं म्हनत्यात," एवढंच बोलल्या आणि गेल्या. मी पोत्यावर बसून होते. तोंड उघडलं नाही. रात्री जेवताना तुम्ही मला एकच वाक्य बोललात, "घाई ही चिकटपट्टीच हाय, निघत न्हाई." आणि माझ्या ताटात तुमच्या वाटणीचा गूळ ठेवलात.

परवा एक बाई आल्या, कर्जतच्या शाळेत शिकवतात. आईला पंचाहत्तर पूर्ण होतात, चिकटवही हवी आहे. पिशवीतून फोटो काढता काढता हा निघाला. आई म्हणजे फोटोतली थोरली. "ह्याचं काही होतं का बघा," त्या म्हणाल्या. "आई बघत नाही त्याच्याकडे. म्हणती, राहात्याच्या कुण्या बायंडरनं माझ्या बहिणीचं तोंड घालवलं. आजीपण मरेपर्यंत तेच म्हणायची. कसली माणसं असतात बघा ना!" मी फोटो उलटा केला. निळ्यावर पांढरी फुलं, रंग जरासुद्धा उडालेला नाही. आणि मी म्हटलं, "हो ना."

हो ना. हे दोन शब्द मी तुमच्याबद्दल बोलले, आप्पा. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, दुकान गेलं, पाटी गेली, आणि तुमचं जे उरलं आहे त्यात कर्जतच्या एका घरात तुम्ही एका मेलेल्या पोरीचं तोंड घालवणारे म्हणून उरला आहात. वीस-बावीस वर्षं.

पत्र इथे दोन दिवस अर्धंच राहिलं; तेवढ्यात फोटोचं मी केलं आहे. पट्टीचं प्लॅस्टिक आता सुकून सुटलं होतं, ते पात्यानं तसूतसूनं काढलं. गाल जागेवर राहिला, कारण तुम्ही त्या दिवशी उचलायचं थांबलात. डाग निघणार नाही, तसं त्या बाईंना स्पष्ट सांगेन. पण डोळे स्वच्छ आहेत, नाकातली चमकी दिसते, आणि ती हसत होती हे आता कळतं. मागची निळी पट्टी मी काढली नाही. भोवती काठ लावला, कडेला, निळाच. पान चांगलं झालं आहे. तुम्ही पोलादी पट्टी धरून मोजलं असतंत तरी चूक निघाली नसती.

आणि त्याच पानावर, फोटोखाली, मी एक चिठ्ठी लावली आहे. माझ्या चांगल्या अक्षरात: 'हा फोटो पुढून मी बिघडवला. मी दहा वर्षांची होते. मागून ज्यांनी जोडला ते माझे वडील.' खाली माझं नाव. रविवारी त्या बाई वही न्यायला येतील. थोरल्या बहिणीला अजून वाचता येतं, चष्मा लागतो एवढंच, असं त्या म्हणाल्या.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लपवून उपयोग नाही. ती चिठ्ठी मी जपानी टेपनं लावली आहे. आज लावलेलं उद्या काढता आलं पायजे, हे तुमचंच, असं स्वतःला सांगून लावली. पण आप्पा, तुम्ही ते दुसऱ्यांच्या फोटोंसाठी म्हणाला होतात. आत गॅसवर चिठ्ठीसाठी खळ ठेवली आहे. उतू जाण्याआधी उठते.