डकोटा ढगांखाली नेऊ नये

मी, मोरेश्वर रामचंद्र टिळेकर, वय ऐंशी, मूळ गाव शिरढोण, हल्ली मुक्काम पनवेल, जिल्हा रायगड, हवाई दलातून विमानाच्या सांगाड्याचा फिटर म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. हृदयाबद्दल त्याच डॉक्टरांचे मत तितके बरे नाही. ते पंचवीस टक्के काम करते म्हणाले. एवढ्या गुणांवर शाळेत कोणी मला पुढच्या वर्गात घातले नसते, म्हणून आज लिहायला बसलो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगे काही नाही.

वकीलबाई म्हणाल्या, काका, मुद्देसूद लिहा, कविता करू नका. प्रयत्न करतो.

१. राहते घर माझ्या एकट्याच्या नावावर असून स्वकष्टार्जित आहे. माझ्या मागे ते माझी पत्नी सौ. सुमती हिच्याकडे तहहयात राहावे आणि तिच्यानंतर आमची मुलगी अरुंधती हिला मिळावे. सुमती हयात असेपर्यंत घर विकू नये, भाड्याने देऊ नये आणि सुमतीला तिथून हलवू नये. अरुंधतीला पुण्यात तिच्या घराजवळ वृद्धांचे एक चांगले निवास मिळाले आहे, तिथे बाग आहे, हे मला माहीत आहे. तिने मला त्याचे फोटो दाखवले. बाग खरेच चांगली आहे. पण तिथे डकोटा नाही.

२. डकोटा म्हणजे काय, हे साक्षीदारांसाठी लिहितो. दुसऱ्या महायुद्धापासूनचे हे दोन इंजिनांचे मालवाहू विमान. मी एकवीस वर्षे अशीच विमाने दुरुस्त केली. निवृत्तीनंतर आतल्या खोलीत संगणकावर ती पुन्हा बांधायला घेतली. घरबसल्या विमान उडवण्याचा जो कार्यक्रम मिळतो, त्यात आपण केलेले विमान घालता येते. अकरा वर्षांत मी चार बांधली: ऑटर, कॅरिबू, पॅकेट आणि डकोटा. पडद्यासमोरचे चाक, पायाखालची पेडल आणि इंजिनांचे दांडे मी प्लायवूड आणि नळाच्या पाइपांतून केले आहेत. माझा नियम एकच होता. जे डोळ्यांनी पाहिले तेच घालायचे, पुस्तकातले नाही. परदेशातल्या एका गृहस्थाने या छंदाच्या समूहावर लिहिले, की डकोटाच्या दाराचा आतला रंग चुकला आहे. त्या दाराला मी स्वतः ब्रशने रंग दिला आहे. त्यांना मी बाकी सगळ्याची क्षमा करतो, दाराची नाही.

इंजिनांच्या आवाजावर मात्र मी दोन वर्षे घालवली. दोन्ही इंजिने एका वेगात नसली की आवाज लाटेसारखा वरखाली होतो, वृत्तातल्या लघुगुरूसारखा. शाळेत गुरुजी बाकावर उभे करून कविता म्हणायला लावत. चाल बिघडली की छडी टेबलावर आपटत. तो ठेका माझ्या कानातून कधी गेला नाही. वकीलबाई, हे कवितेत धरू नये.

३. वरच्या मजल्यावरचे श्री. काशिराम यांनी या आवाजाविरुद्ध सोसायटीत सहा अर्ज दिले. सहाही मी जपून ठेवले असून ते त्यांना परत करावेत. सातवा त्यांनी दिला नाही, कारण त्या आठवड्यात ते भांडायला म्हणून खाली आले आणि सुमतीला जेवताना पाहून गेले. तेव्हापासून दुपारी बारा वाजता आवाज आला नाही तर तेच जिन्यातून विचारतात, आज उड्डाण नाही का. या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून त्यांची सही आहे.

४. सुमती गेली पाच वर्षे विसरत चालली आहे. आता तिला अरुंधती ओळखू येत नाही, मीही बहुतेक वेळा येत नाही. दोन वर्षांपूर्वी तिने जेवण सोडले. घास तोंडात तसाच राही. एका दुपारी मी डकोटाचा आवाज तपासत होतो, तर ती उठून आली, भिंतीला टेकून बसली आणि माझ्यापुढे तळहात धरला. मला समजायला वेळ लागला. ती कानात घालायला कापूस मागत होती.

लग्नानंतर सहा महिन्यांनी, नोव्हेंबर १९७० मध्ये, कलकत्त्याहून जोरहाटला ती माझ्याबरोबर डकोटातून आली होती. आयुष्यातला तिचा तो एकच विमानप्रवास. भिंतीलगतच्या बाकावर आडवे बसायचे, कानात कापूस, आणि मांडीवर डबा. दोन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी मी तिला कापूस दिला, विमान वर नेले आणि ती जेवली. मग मी भिंतीशी बाक केला आणि त्यावर ताडपत्री ठोकली. तेव्हापासून रोज बारा वाजता आम्ही जोरहाटला निघतो. मी पुढे चाक धरतो, मागे सुमतीला सांभाळणाऱ्या गुणाबाई तिला भरवतात. मला उशीर झाला तर त्या आत येऊन ओरडतात, "बाबा, इमान काडा लवकर, भात निवला. आज्जीला पोट हाय का नाय?"

गुणाबाई चिरनेरच्या. त्यांना माझ्या मागे सुमतीला मिळणाऱ्या कुटुंबनिवृत्तिवेतनातून आजच्याइतकाच पगार मिळत राहावा. शिवाय माझी सायकल त्यांच्या नातीला, आणि देवघराशेजारचे घड्याळ त्यांना, कारण ते मागे पडते हे त्यांनीच सतरा वेळा सांगितले.

५. जावई श्री. कुमार हे संगणकातले माणूस. त्यांनी मनापासून मदत केली, हे नोंदवून ठेवतो. ते म्हणाले, नाना, रोज कशाला दमता, एक उड्डाण रेकॉर्ड करून ठेवू, गुणाबाई बटण दाबतील. तसे केले. तेच ढग, तोच आवाज. मी सुमतीजवळ बाकावर बसलो. दहाव्या मिनिटाला तिने घास खाली ठेवला आणि म्हणाली, "पुढे कोणी नाहीये." मग ती रडू लागली. कुमार यांनी ते रेकॉर्डिंग पुसले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. तेव्हा माझ्या मागे चाक धरायला खरे माणूस लागेल.

अरुंधती तेव्हा मला म्हणाली होती, "बाबा, तुम्ही आईला फसवताय. आणि एक दिवस तुम्ही नसाल, तेव्हा ती विमानात अडकून बसेल. मी काय करू तेव्हा?" हे मृत्युपत्र हेच उत्तर समजावे, जरी ते अपुरे आहे. माझ्या कवितांच्या दोन वह्या तिला द्याव्यात. शाळेत पाठ केलेल्या सगळ्या त्यांत वळणदार अक्षरात आहेत. मला वाईट वाटते ते एवढेच, की तिला त्या कधी आवडल्या नाहीत.

६. संगणक, पडदा, चाक, पेडल आणि चारही विमाने माझे मित्र श्री. यूनुस यांना द्यावीत. यूनुस पनवेलच्याच मोहल्ल्यात राहतो, वय एकाहत्तर, बहारीनच्या विमानतळावर सामानाच्या गाड्या चालवून परत आला. दीड वर्ष तो माझ्याकडून शिकतो आहे. उड्डाण बरे करतो, वळताना घाई करतो. त्याला देणगी मिळत असल्याने तो साक्षीदार होऊ शकत नाही, असे वकीलबाई म्हणतात. म्हणून सहीच्या दिवशी तो बाहेर बसेल.

त्याच्यासाठी सूचना: संगणकाला इंटरनेट जोडू नये. कार्यक्रमाच्या नव्या आवृत्तीत डकोटाची चाके जमिनीत बुडतात. उड्डाण अर्ध्या वाटेपासून सुरू करावे, आठ हजार फुटांवर, हिमालय डाव्या हाताला. उजवीकडे वळताना ती बाकाला धरते, म्हणून हळू. मी कविता म्हणतो. यूनुस उर्दू शाळेत शिकला, त्याने त्याच्या शाळेतल्या म्हणाव्यात. त्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, चाल तेवढी पोहोचते.

आणि शेवटची सूचना, जी मोडू नये: पाच हजार फुटांवर मी ढगांचा जाड थर कायमचा घालून ठेवला आहे. डकोटा त्या ढगांखाली नेऊ नये.

७. याचे कारण लिहिणे भाग आहे.

जोरहाटची जमीन मी आधी हल्लीच्या छायाचित्रांवरून केली होती. सुमतीला ती ओळखू येईना. म्हणून मी १९७२ चे जोरहाट आठवून बांधले. हँगर, चहाचे मळे, बांबूच्या कुडाची क्वार्टर्स. आमचे क्वार्टर चौदावे. त्याच्यापुढे दोरी, आणि दोरीवर वाळत घातलेली सात झबली. प्रत्येक झबले वेगळे केले, वाऱ्यावर हलेल असे.

आमचा पहिला मुलगा तिथे जन्मला. अकरा महिन्यांचा झाला. ऑगस्टात त्याला ताप आला तेव्हा मी डोंगरातल्या एका धावपट्टीवर होतो. आमच्या डकोटाचे चाक चिखलात रुतले होते आणि ते काढायला आम्हा चौघांना पाठवले होते. मग हवामान बिघडून उड्डाणे बंद झाली. चार दिवसांनी मी परतलो तेव्हा सगळे उरकले होते. झबली दोरीवर तशीच होती. मी जे डोळ्यांनी पाहिले ते एवढेच, आणि नियमाप्रमाणे मी तेच बांधले. हात बांधत होते तेव्हा डोक्याने त्यांना थांबवले नाही.

सुमतीने उतरताना दोरी पाहिली आणि विचारले, "बाळाला कुणाकडे ठेवलंय?" मी म्हणालो, शेजारी. ती त्या दिवशी खुशीत जेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, अजून शेजारीच? त्या लोकांना काय वाटेल? एकदा मी खरे सांगितले. ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. संध्याकाळपर्यंत विसरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. रोज खरे सांगितले तर मूल रोज जाईल. मी क्वार्टर पुसून टाकले, तर ती घर कुठे गेले म्हणून खिडकीकडे धावू लागली. म्हणून परत ठेवले आणि वर ढग घातले. मला दुसरा उपाय सुचला नाही. विमान बांधता येते, त्याचा मला उपयोग झाला नाही.

यूनुसला हे सगळे सांगितले आहे. त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "नाना, उडवायचं मी करेन, इन्शाअल्लाह. पण कधी चुकून खाली आलो आणि भाभीने विचारलं तर? खोटं माझ्या तोंडून निघायचं नाही. आणि खरं तर त्याहून नाही." मी म्हणालो, म्हणून तर खाली यायचे नाही.

८. वरचे लिहून आठ दिवस झाले. सही राहिली, कारण मंगळवारी पुढीलप्रमाणे घडले.

बाराचे उड्डाण चालू असताना माझ्या छातीत आवळले आणि हातातले बळ गेले. विमानाचे नाक खाली झुकले. यूनुस मागे उभा होता, पण उड्डाणात चाकाला कोणी हात लावायचा नाही, असा माझाच हुकूम, तो त्याने पाळला. आम्ही ढगांतून खाली आलो. चहाचे मळे, मग क्वार्टर्सची रांग. गुणाबाईंचा चमचा हवेत थांबला. मी प्रश्नाची वाट पाहत राहिलो.

सुमती पडद्याकडे पाहत म्हणाली, "दोरीवरचे कपडे मी काढले होते. तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही झोपला होता."

"अजून का वाळत घातलेत?" ती म्हणाली. "विटले बघा."

ती झबली कोणी काढली, हे त्रेपन्न वर्षे मला ठाऊक नव्हते. शेजारणीने असतील, असे मी धरून चाललो होतो. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. ती एकटी अंगणात गेली असेल आणि मी आत झोपलेला.

बुधवारी सकाळी बरे वाटल्यावर मी ती सातही झबली विमानतळाच्या नकाशातून एकेक करून काढली. दुपारी मुद्दाम ढगांखाली गेलो. मला वाटले होते, आता सुटलो. सुमतीने रिकामी दोरी पाहिली आणि घाबरून विचारले, "बाळाचे कपडे कुणी नेले?"

"तूच काढलेस," मी म्हणालो.

"मी?" तिने जरा विचार केला. "बरं केलं मग. आभाळ आलंय." आणि गुणाबाईंच्या हातचा घास घेतला.

गुरुवारी तिने पुन्हा विचारले. मी तेच सांगितले. ती जेवली. शुक्रवारी जेवली नाही.

म्हणून कलम सहामधली शेवटची सूचना मी खोडत नाही, पण तिची सक्तीही करत नाही. यूनुसने त्या त्या दिवशी सुमतीचा चेहरा पाहून ठरवावे. कपडे भाभींनी स्वतः काढले, हे वाक्य खरे आहे आणि ते त्याला सांगता येईल. ते मी त्याच्या नावे करतो. त्यापुढे तिने बाळाचे विचारले, तर त्याचे उत्तर मला सापडलेले नाही. जे माझ्यापाशी नाही ते कोणाच्या नावे करता येत नाही, हे वकीलबाईंना विचारून घेतले आहे.

९. अरुंधतीने या मृत्युपत्राची व्यवस्था पाहावी. घराची अट तिने पाळलीच पाहिजे. बाकीच्या बाबतीत तिला जे झेपेल ते करावे. मी तिच्यावर रागावलेलो नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. दोन ठिकाणी अक्षर बिघडले आहे, तो मजकूर माझाच समजावा.

(सही) मोरेश्वर रामचंद्र टिळेकर

त्यांनी आमच्या देखत सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली:
१. (सही) काशिराम, वरचा मजला
२. (सही) निशा, खालच्या औषधांच्या दुकानाच्या मालक

स्थळ: पनवेल, राहत्या घरी
दिनांक: १७ जानेवारी २०२६, सकाळी अकरा. बारापूर्वी उरकले.