कांताबाईंच्या दाराची दुसरी किल्ली

मी, नागोराव मारोतराव कऱ्हाळे, वय वर्षे ५८, धंदा कुलूप-किल्ली दुरुस्ती, राहणार शनिवार पेठ, पुणे, मूळ गाव वसमत तालुक्यात, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था या कागदावर लिहून ठेवत आहे. शुद्धीचा मुद्दा आधीच निकालात काढतो, कारण कोर्टात कोणीतरी तोच पुढे करील. गेली चार वर्षे मी रोज सकाळी नम्रता सिस्टरांच्या समोर बसून जिभेखाली एक गोळी घेतो. ती गर्दच्या जागी देतात. तिने नशा चढत नाही, हात थरथरत नाही, आणि किल्लीची बारीक खाच कानशीने बिनचूक घासता येते. माझ्या बुद्धीविषयी शंका असेल त्याने या कागदावरचे अक्षर पाहावे, आणि मग स्वतःचे पाहावे.

होय, मी गर्दुल्ला. माझा एकुलता एक मुलगा चि. दिग्विजय हे प्रथम इथेच वाचेल. त्याने बसून वाचावे.

मृत्युपत्र आत्ताच करण्याचे कारण यकृत. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले, म्हणून त्यांचे आभार. १९९४ साली चिंचवडची आमची कंपनी बंद पडली. गेटला बाहेरून जे कुलूप लागले ते मी स्वतः टूलरूममध्ये दुरुस्त केलेले होते. त्याच साली मुतखड्याने आडवा झालो आणि एका कंपाउंडरने दुखण्याचे इंजेक्शन द्यायला सुरुवात केली. दुखणे गेले, इंजेक्शन राहिले, पुढे ते महाग पडू लागले आणि गर्द सापडली. पुलाखाली आम्ही चारजण होतो आणि सुई एक होती. फूटपाथवर घासून तिला धार लावायचो. यकृताची कावीळ त्याच सुईतून आली, असे डॉक्टर म्हणतात. मेडिकलवाला आमची तोंडे बघून नवी सुई देत नसे. ती एका रुपयाची वस्तू मिळाली असती तर आज हा कागद लिहावा लागला नसता, निदान इतक्या लवकर तरी.

माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. तिची वाटणी पुढीलप्रमाणे.

एक. वाघोलीचा दोन खोल्यांचा फ्लॅट चि. दिग्विजयला द्यावा. तो सध्या हिंजवडीला कामाला आहे आणि वाघोलीला जागा म्हणत नाही, ‘लोकेशन’ म्हणतो. त्याच्या आईचे, कै. मुक्ताबाईचे दागिनेही त्याचेच. त्यांना मी कधी हात लावला नाही. ज्यांनी माझ्यासारखे दिवस काढले आहेत त्यांना या वाक्याची किंमत कळेल.

त्याच्या लग्नाचा खुलासाही याच कलमात करतो. लग्न नांदेडला होते. गोळीचा नियम असा की ती हातात देत नाहीत. सिस्टरांच्या समोर तोंड मिटून ती विरघळेपर्यंत बसायचे, मग उठायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. गोळ्या बाहेर विकल्या जाऊ नयेत म्हणून हा नियम आहे आणि मी तो चूक म्हणणार नाही. पण त्यामुळे माझे जग पुण्यापासून एका दिवसाच्या अंतरावर संपते. लग्नघरी पोचलो तेव्हा गोळी न घेऊन दुसरा दिवस होता. नाक गळत होते, पाय आतून ओढल्यासारखे दुखत होते. अक्षता टाकल्या आणि पंगत बसण्याआधी एसटी धरली. दिग्विजय फोनवर म्हणाला, “बाबा, एक दिवस दुकान बंद ठेवलं असतं तर पुणं बेघर झालं असतं का?” मी म्हणालो, “ऑर्डर होती.” त्यानंतर तो मला अहोजाहो करू लागला. बाळा, ऑर्डर नव्हती.

दोन. शनिवार पेठेतील दुकानाचा गाळा आणि त्यामागची खोली ‘सावली’ या संस्थेला कायमची द्यावी. या कलमावर भांडण होणार हे मला दिसते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागच्या खोलीत २००९ पासून संस्थेचे केंद्र आहे. त्याआधी चार ठिकाणच्या मालकांनी त्यांना बाहेर काढले होते. तिथे नव्या सुया देतात, वापरलेल्या परत घेतात, जखमा धुऊन पट्ट्या बांधतात, रक्त तपासायला नेतात आणि ज्यांना गोळी सुरू आहे त्यांना गोळी देतात. कोणालाही प्रवचन देत नाहीत. जुनेद बागवान नावाचा कार्यकर्ता पिशवी घेऊन नदीपात्रात फिरतो आणि माणसांना नावाने हाक मारून आणतो. त्यांना नावाने हाक मारणारे पुण्यात दुसरे कोणी नाही. पोलीस मारतात, पण ‘ए’ म्हणून.

दिग्विजय मागे म्हणाला होता, “बाबा, मोबाईलवाला जागा मागतोय आणि तुम्ही ती गर्दुल्ल्यांना फुकट देताय. त्यांना सुया वाटणं म्हणजे मदत आहे का?” तेव्हा मी कानस घासत राहिलो. आता उत्तर देतो. ही खोली गेली तर रोज सकाळी रांगेत असणारी बेचाळीस माणसे दुसऱ्या दिवशी शटरपुढे उभी राहतील, तिसऱ्या दिवशी पुलाखाली जातील, आणि तिथे सुई पुन्हा एकच असेल. त्यांच्यात बँकेत होते ते आहेत, रिक्षावाले आहेत, कॉलसेंटरमधला एकजण आहे जो इंग्रजीत माफी मागतो. त्र्येचाळिसावा मी. मी शटर अर्धे असतानाच, सर्वांच्या आधी, नऊ वाजता गोळी घेतो आणि मग पुढे येऊन मालक म्हणून बसतो. चार वर्षांत रांगेतल्या एकालाही मी हे कळू दिले नाही. आपल्याच खोलीत चोरासारखे शिरायचे आणि शेठसारखे बाहेर पडायचे, असे माझे चालले आहे.

या कलमाला दिग्विजयने हरकत घेण्यापूर्वी एक सकाळ मागच्या खोलीतील बाकावर बसावे. काही बोलू नये, मोबाईल काढू नये. नंतर हरकत घ्यावी.

तीन. दुकान ज्या इमारतीत आहे तिच्या सोसायटीचे चिटणीस श्री. दिगंबर आगाशे यांनी केंद्र हटवण्याच्या अर्जावर घरोघर सह्या गोळा केल्या. जिन्यात त्यांनी पाटी लावली आहे : ‘येथे संशयास्पद व्यक्तींनी रेंगाळू नये. हेतू विचारला जाईल.’ याच आगाशे साहेबांचे दार मी तीन वेळा उघडून दिले आहे. तिन्ही वेळा ते बनियनवर जिन्यात रेंगाळत होते आणि मी हेतू विचारला नव्हता. त्यांना दुकानातले सर्वांत चांगले कुलूप द्यावे, आणि त्याच्या तीन किल्ल्या. तिसरी शेजारी ठेवावी, असा माझा सल्ला आहे.

चार. हत्यारे, म्हणजे कानशींचा संच, शिकंजा, किल्ली कापायचे मशीन आणि कोऱ्या किल्ल्यांचे फळे, जुनेदला. त्याला अंमलबजावणीचे अधिकारही देतो. १९९८ पर्यंत तोही पुलाखालच्या चौघांतला होता. चौघांतले दोघे आता नाहीत.

पाच. हे कलम मी तीनदा लिहून फाडले.

दुकानात फळीच्या आतल्या बाजूला खिळ्याला एक पितळी किल्ली टांगलेली आहे. ती याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या श्रीमती कांताबाई खळदकर यांना परत करावी.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची किल्ली एक दिवसही ठेवून घ्यायची नसते. ही चौदा वर्षे माझ्याकडे आहे. १९९९ साली कांताबाईंचा मुलगा संतोष बावीस वर्षांचा होता, कॉम्प्युटरचा कोर्स करत होता आणि गर्द घेत होता. कांताबाई डबे करून घर चालवत. एक दिवस दुकानात येऊन म्हणाल्या, “नागोरावभाऊ, त्याच्या खोलीला बाहेरून कडी लावून द्या. तुटणार नाही अशी. मी त्याला कोंडूनच बरा करते.” मी पोलादी कडी-कोयंडा बसवला, सात लिव्हरचे कुलूप लावले. त्या म्हणाल्या, “दुसरी किल्ली तुमच्याकडे ठेवा. मी आई आहे. तो रडला की उघडीन.”

मी स्क्रू आवळत असताना संतोष आतून दाराशी आला. आम्ही दोघे एकाच माणसाकडून घेत होतो. तो हळूच म्हणाला, “काका, तुम्ही? निदान तुम्ही तरी नको.” मी उरलेले दोन स्क्रू आवळले. तो ओरडून माझे नाव सांगू शकला असता. त्याने सांगितले नाही.

चाळीस दिवस तो आत होता. किल्ली माझ्या डोळ्यांपुढे टांगलेली होती. चाळिसाव्या दिवशी कांताबाईंनी दार उघडले आणि इमारतभर पेढे वाटले. मलाही दिला. म्हणाल्या, “तुमच्या कडीमुळे माझा पोरगा परत मिळाला.”

त्या क्षणी मला एक गोष्ट ठाऊक होती जी त्या इमारतीत दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हती. इतके दिवस थांबल्यावर शरीर जुने माप विसरते. बंद केलेला माणूस बाहेर आला आणि त्याने पूर्वीइतकेच घेतले तर तो मरतो. पुढे मुतखडा पुन्हा उठला तेव्हा तीन आठवडे दवाखान्यात राहून आल्यावर मी स्वतः असाच मरता मरता वाचलो होतो. संतोषला एवढेच सांगायचे होते की, घेतलीस तर पाव घे, आणि एकटा असताना घेऊ नकोस. कांताबाईंना सांगायचे होते की पहिले काही दिवस त्याच्यावर नजर ठेवा. पण त्या विचारतील, “तुम्हाला कसं माहीत?” हीच भीती होती. दुसरी कोणतीही नव्हती. मी पेढा खाल्ला.

तिसऱ्या दिवशी संतोष मंडईजवळच्या मुतारीत सापडला. त्याने पूर्वीइतकेच घेतले होते.

कांताबाई २००९ पासून रोज सकाळी केंद्रासाठी किटलीभर चहा खाली आणतात. पहिल्या दिवशी मी कारण विचारले. म्हणाल्या, “हे तेव्हा असतं तर तो इथे आला असता.” आणि पहिला कप मला देतात, मालक म्हणून. चार वर्षे मी तो पितो आहे. खोली मी संस्थेला का दिली, तर यासाठी, हे दिग्विजयने समजून घ्यावे. त्यात दानधर्म काही नाही. मी ती कडी बसवली आणि त्या दिवसापासून दाराच्या कुठल्या बाजूला आहे तेच मला कळत नाही.

ते कुलूप आता कुठे असेल ठाऊक नाही. किल्ली मात्र त्यांची आहे. माझ्या मागे जुनेदने ती त्यांच्या हाती द्यावी.

सहा. माझे दिवस घालू नयेत. मी जाईन त्या दिवशी केंद्र बंद ठेवू नये, कारण गोळीला सुट्टी नसते. गोड काही वाटू नये. पेढे तर नाहीतच.

सात. साक्षीदाराने मृत्युपत्र वाचण्याची कायद्याने गरज नसते, सही होताना पाहिली की पुरते. तरीही दुसऱ्या साक्षीदार कांताबाई खळदकर यांनी माझी सही पाहिल्यावर सबंध कागद वाचावा आणि मगच स्वतःची करावी, अशी माझी अट आहे. त्यांनी नाकारली तर जुनेद दुसरा साक्षीदार आणील. त्यांना कोणी आग्रह करू नये. मी जिवंत असताना तोंडाने सांगायला हवे होते, हे मला कळते. तोंड उघडत नाही.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. लिहिले ते वाचून पाहिले, आणि ते माझेच आहे.

पुणे, सोमवार, दिनांक ११ नोव्हेंबर २०१३

(सही) नागोराव मारोतराव कऱ्हाळे

साक्षीदार पहिल्या : (सही) नम्रता साळवे, परिचारिका, राहणार वारजे. कऱ्हाळेंनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत आहेत. सकाळची गोळी झालेली आहे.

साक्षीदार दुसऱ्या, स्वहस्ते :

सही माझ्यासमोर झाली सोमवारी. मी करतेय गुरुवारी. मधले दोन दिवस चहा खाली आला नाही, ते सगळ्यांनी पाहिलंच. सही खोलीसाठी आहे. तुमच्यासाठी नाही.

किल्ली तुमच्यामागे कोणी आणून द्यायला नको. त्याला पोचवून आल्यावर मी ती खोली होती तशी बंद केली, तेच कुलूप लावलं आणि माझी किल्ली नदीत टाकली. चौदा वर्षं दारापुढे कपाट आहे. त्याची पुस्तकं, चादर, सगळं आतच आहे. दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे हे मी विसरले नव्हते. तुम्ही होऊन आणून द्याल म्हणून वाट पाहत होते.

येत्या रविवारी नऊची गोळी झाली की वर या. कपाट सरकवायला जुनेदला घेऊन या. कुलूप तुम्ही उघडा, आणि आधी तुम्ही आत जा. मी बाहेर उभी राहीन.

(सही) कांता रघुनाथ खळदकर
१४ नोव्हेंबर २०१३