घरी मुतखडा सांगितला

३ जून
औरंगाबादहून परत. पंधरा दिवसांपूर्वी गोऱ्ह्याने जांघेत लाथ मारली, सूज उतरेना, म्हणून बुलढाण्याच्या डॉ.नी तिकडे धाडलं होतं. तिथं नवीन मशीन, सोनोग्राफी. गार चिकटा नको तिथं लावला. मार बरा होतोय. पण दोन्ही अंडांत बारीक पांढरे ठिपके दिसले, कॅल्शियमचे. डॉ. म्हणाले, ठिपके म्हणजे कॅन्सर नव्हे. पण वृषणाचा कॅन्सर झालेल्या काही जणांत असे ठिपके सापडलेत. दोन्हींचा संबंध किती, आज कुणी नक्की सांगू शकत नाही. औषध नाही. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर आपणच चाचपून बघायचं, टणक गाठ लागली की लगेच यायचं.
"मिसेसना सांगून ठेवा," म्हणाले. हो म्हटलं.

४ जून
घरी सांगितलं, मुतखडा निघाला. जीभ आपोआपच वळली. आई म्हणाली, "मंग ठीक हाये. मले वाटलं काय भलतंच." बायकोचा, सुमनचा, चेहराही हलका झाला. आता खरं सांगायचं कसं?

९ जून
अख्खं धाड गाव डॉक्टर झालंय. कुळथाचं पाणी, पानफुटीची पानं, बियर (ही वडिलांपासून, आबांपासून चोरून). सुमन रोज सकाळी कुळीथ शिजवते. मी मुकाट पितो.

१५ जून
दामूकाका, आबांचे धाकटे भाऊ, ट्रॅक्टर घेऊन हजर. धक्क्यानं खडा उतरतो म्हणे. रिकाम्या ट्रॉलीत बसवून खडकाळ वाटेनं दोन फेऱ्या. "उतरला काय बे?" मागे न बघताच विचारत होते. जिथं लाथ बसली नेमकं तिथंच... डोळ्यांत पाणी आलं. "उतरून राह्यला, धीर धर," म्हणाले. हसू आलं. एवढी माणसं माझ्यासाठी धावतायत आणि मी पार एकटा.

३ जुलै
न्हाणीचं दार लावून बघितलं. काही लागलं नाही. जेवताना एक भाकरी जास्त खाल्ली.

१८ जुलै
सुमन मिरचीतलं तण निंदत होती. सांगावं म्हणून बांधापर्यंत गेलो.
"कळ येऊन राह्यली काय?"
नाही म्हटलं, माघारी आलो. भित्रा आहे मी. कॅन्सर हा शब्द घरात आला की सगळे मी गेल्यासारखंच माझ्याकडे बघतील. सुमनही. मरणापेक्षा त्याचीच भीती जास्त.

३ ऑगस्ट
डावीकडे काहीतरी लागलं. तुरीच्या दाण्याएवढं. मागच्या वेळी होतं का? पुन्हा बघितलं, वाटलं, नाही. मग वाटलं, आहे. स्वतःच्या बोटांवर भरवसा राहिला नाही.

५ ऑगस्ट
सुमनला सांगितलं. दुपारी, आई-आबा वावरात असताना. मुतखडा खोटा, ठिपके खरे, आणि आता ही शंका.
"मंग दोन महिने मी कोण होती तुमची?"
ती भिंतीकडे बघत बसली. मग उठून हात धुऊन आली.
"मले पाहू द्या."
लग्नाला चार वर्षं झाली, तरी लाज वाटली. तिनं डोळे मिटून आधी उजवीकडे चाचपलं, मग डावीकडे. माझ्यासारखी घाई नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, तिथून काही कळेना.
"हाये," म्हणाली.
मग उठत, "सकाळच्या गाडीले दोघंबी जाऊ."