फुलीचं फूल

प्रिय माझ्या गोकुळे,

तर पहिले आला तो आपला कोतवाल देवाजी, धापा टाकत. म्हणे, आजी, पदर नीट कर, साहेब येऊन राह्यले! मागून जीप. उतरला कोण, तर तोच चष्मेवाला, ज्याले मी मागल्या थंडीत डोंगरीवर गेरूच्या खड्ड्यापाशी नेलं होतं. आपली भिंत नखानं खरवडून त्यानं तवा विचारलं होतं, बाई, हा लाल रंग कुठला? मले केवढा आनंद! तुझी माय गेली तवापासून माझ्या भिंतीचं कौतुक करणारं कोणी राह्यलंच नव्हतं. खड्ड्यातला काळा दगड त्यानं पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यावर घासला, तर कुंकवासारखी लाल रेघ उमटली. म्हणे, तुमचा गेरू म्हणजे गंजलेलं लोखंडच, बाई, तुम्ही लोखंडाच्या घरात राहता. मी म्हटलं, मंग घर पडाची भीती नाई! दोघंबी हसलो.

यावेळी संगं चुन्याचा डबा होता. तू पाणी लागाच्या आधी, भामरागडचा रस्ता बुडाच्या आधी येशीन, म्हणून मी भिंतीले नवा गेरू दिला होता. त्यावर त्यानं ही मोठी फुली काढली. मले वाटलं, नक्षी काढाले बसला अन् अर्धवटच सोडली बाप्पा. जीप गेल्यावर मी बोटानं पाकळ्या जोडल्या, टिपके दिले, फुलीचं फूल केलं. लय साजरं दिसलं वं. देवाजी वापस आला अन् डोक्याले हात लावून बसला. म्हणे, हे काय केलं, आजी? ज्या घरावर फुली, ते घर पाडतेत, खाणीत जाते. टोलीतल्या साऱ्या घरांवर फुल्या हायेत, फूल तेवढं तुझ्याच घरावर.

उरलासुरला गेरू मी त्यावर फासला. ओला होता तोवर झाकलं, वाळला तसं पांढरं फूल पुन्हा वर आलं. खड्ड्याले आता काटेरी तार हाय. तिकडं सावली तालुक्यात जागा देऊ म्हणतेत. कवा, ते देवाजीले ठाव नाई. ज्या खोलीत तुझी माय बाळंतीण झाली, तू पहिल्यांदा रडली, तिच्या दारात बसून राहते.

म्हणून हे लिहून राह्यली. येऊ नको. पहिलं बाळंतपण माहेरी असते, हे मले कोणी शिकवाले नको, पण माहेराले भिंती तरी लागतेत. तुझ्या सासूले, देवकाबाईले, माझे हात जोडले म्हणून सांग. रागावल्या तर ऐकून घे. तुले मोटारीच्या थांब्यावरून आणाले मिरगाच्या आधल्या बुधवारची बैलबंडी सांगितली होती, ती आज नको म्हटली. साहेब माणूस भला हाय, चहाचा कप स्वतः विसळून ठेवला. जाताना म्हणाला, माणसं घेऊन पुन्हा येतो, बाई. त्याच बुधवारी.

तुझीच,
अन्नपूर्णा आजी