दाराला आतून कडी आहे

भाऊजी,

मी कामावर निघाले. जेवण झाकून ठेवलंय, गारढोण खाऊ नका, गरम करून घ्या. दुपारी दवाखान्याच्या नर्सबाई येतील. मनोरुग्णालय बंद झालं म्हणून गोळ्या बंद होत नाहीत, असं त्यांनी मलाच दरडावून सांगितलंय.

काल मी आले तेव्हा तुम्ही चपला घालून दाराच्या आत उभे होतात. विचारलं तर म्हणालात, "कुणी उघडलंच नाही." अहो, दार नुसतं लोटलेलं होतं! इथे वॉर्डबॉय नाही. कडी आतून आहे, बाजूला सरकवली की झालं. खाली उन्हात बसायला कुणाची परवानगी लागत नाही, माझी तर मुळीच नाही.

आणि तुमचे दादा बोलत नाहीत ते रागाने नव्हे. लग्नात मला सांगितलं होतं, धाकटा भाऊ परदेशात असतो. इतकी वर्षं एकदाही रुग्णालयात तुमच्याकडे फिरकले नाहीत, आता कुठल्या तोंडाने समोर यावं हे त्यांना कळत नाही. म्हणून तुम्ही उठायच्या आत निघतात, आणि तुम्ही झोपलात की किल्लीने दार उघडून स्वतःच्याच घरात चोरासारखे शिरतात.

आज त्यांच्या पिशवीतली किल्ली मी काढून ठेवलीय. रात्री जेवून लगेच झोपू नका. बेल वाजली तरी मी जागची हलणार नाही.

दार तुम्ही उघडा. कुणी उघडेपर्यंत तेही तसेच उभे राहतील.

वहिनी