सांध्यांचे दिवे

२ फेब्रुवारी, रविवार

आईला सांगितलं, कारखान्यात जादा काम आहे. ती म्हणाली, "सगळ्या लिफ्ट रविवारीच बंद पडतात वाटतं." तिला कळलंय. तिला कळलंय हे मला कळलंच नाही, असं मी दाखवलं.

बाबांकडे गेले. 'माजी सासरे' लिहायला हवं खरं तर, पण वहीत कोण अडवणार! घटस्फोटाला दोन वर्षं झाली. समोर असले की मी त्यांना हाकच मारत नाही. "हे बघा", "ऐकलंत का" असं करून वेळ मारून नेते. "ऐकलंत का" म्हटल्यावर माझं मलाच हसू येतं.

आज त्यांनीच कारण काढून दिलं. मागची अख्खी खोली त्यांच्या छोट्या रेल्वेनं व्यापली आहे — फळ्यांवर रूळ, तीन स्टेशनं, मध्ये प्लास्टरचा डोंगर. रूळ जिथे फुटतात ते सांधे एकूण अकरा, त्यातले पाच डोंगरापलीकडे. सांधा कुठल्या बाजूला वळलाय ते पूर्वी वाकून बघायचे. आता गुडघे वाकू देत नाहीत. परवा मालगाडी भलत्याच रुळावर गेली आणि पाच डबे फरशीवर.

"तू दिवसभर लिफ्टची पॅनेलं जोडतेस. मला एक जोडून दे. प्रत्येक सांध्याला दोन दिवे. खुर्चीत बसून कळलं पाहिजे, गाडी सरळ जाणार की वळणार."

अकरा सांधे, बावीस दिवे. दोन रविवारांचं काम. मी म्हटलं, "सहा-सात रविवार तरी लागतील."

ते म्हणाले, "लागू देत."

९ फेब्रुवारी, रविवार

आज वादावादी. मी म्हणत होते, सांधा वळवायचा खटका आहेच पॅनेलवर, त्याच्यावरूनच दिव्याला वायर घेऊ. सोपं पडेल. बाबा ऐकेनात. "खटक्यावरून दिवा घेतला तर मी काय हुकूम सोडला तेवढंच कळणार. सांध्यानं तो ऐकला की नाही ते कसं कळणार?"

बरोबर होतं त्यांचं. म्हणजे प्रत्येक सांध्याखाली दोन बारके स्विच बसवायचे, सांधा पुरता सरकला की दाबले जातील असे. फळीखाली पाठीवर झोपून काम. नाकात भुसा, तोंडात भुसा.

अकरा वाजता त्याचा, बाबांच्या मुलाचा, फोन आला. दर रविवारी अकराला तो बाबांना फोन करतो. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावतात. मी आहे हे ते सांगत नाहीत. मीही खोकत नाही. फळीखाली तशीच पडून राहिले.

गुडघ्याचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं. मागून तिचा आवाज आला — त्याच्या बायकोचा — "माझा नमस्कार सांग." त्याला सर्दी झाली आहे. सर्दी झाली की 'नको'चं 'दको' होतं त्याचं. डॉक्टरकडे जा म्हटलं तर "दको." विचारावंसं वाटलं, वाफ घेतोस का. लक्ष नव्हतं तेव्हा पक्कडीनं चांगल्या दिव्याचा पाय तुटला.

सहा मिनिटं बोलला. आठवडाभर पुरवायची आहेत.

१२ फेब्रुवारी

फोरमनला आम्ही मोजपट्टी म्हणतो. आज त्यानं वायरच्या तुकड्यांचा डबा आपण होऊन माझ्यासमोर ठेवला. "भंगारातच जाणार होते. घरात काय लिफ्ट बसवतेस?" मी म्हटलं, "रेल्वे." तो हसत सुटला. त्याला वाटलं, विनोद केला.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिले चार सांधे जोडून झाले. सरळ मार्गाला हिरवा, वळणाला लाल. नकाशावर जागाच तेवढी, त्यामुळे दोन्ही दिवे अगदी खेटून बसवलेत. वीज सोडली. बाबा म्हणाले, "छान. छान."

"तीन नंबर आत्ता कुठल्या बाजूला आहे?" मी सहज विचारलं.

त्यांनी पॅनेलकडे पाहिलं आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले. डोंगरामागे डोकवायला.

"अहो, दिवा लागलाय की."

"लागलाय. पण कुठला?"

मी दोन्ही दिवे आळीपाळीनं लावून दाखवले. लाल आणि हिरवा — दोन्ही त्यांना एकच दिसतात. जन्मापासून.

मग बसून सांगितलं. विसाव्या वर्षी इंजिन चालवायचं डोक्यात होतं. लेखी परीक्षा झाली, धावणं झालं. डोळ्यांच्या डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि विचारलं, कितीचा आकडा दिसतो? "मी विचारलं, कसला आकडा? पाच मिनिटांत बाहेर. मग छापखान्यात प्रुफं तपासायला लागलो. तिथं सगळं पांढऱ्यावर काळं."

"सासूबाईंना माहीत होतं?"

"छे. ती नवी साडी नेसून विचारायची, लाल शोभते का मला. मी म्हणायचो, छान. छान."

त्यांच्या मुलालाही माहीत नाही. मलाच का सांगितलं? की विचारलं फक्त मीच?

लाल-हिरवे आठही दिवे काढले. आता पिवळे आणि निळे आणायचे. ते दोन नीट वेगळे दिसतात म्हणाले. निळे डोळ्यांत घुसतात, त्यांना रेझिस्टर मोठा लावावा लागेल. पुन्हा पहिल्यापासून. बरंच झालं.

२३ फेब्रुवारी, रविवार

लिहावं की नाही. लिहिते.

अकराला फोन. पहिले चार आणि नऊ नंबर, अशा पाच सांध्यांना पिवळे-निळे दिवे लावून झाले होते; मी पॅनेलच्या मागे बसून मल्टीमीटरनं वायरी तपासत होते. आज त्याचा आवाज मोकळा होता. गुडघा, गोळ्या. मग म्हणाला, "बाबा, एक सांगायचं होतं. तुम्ही आजोबा होणार आहात. जुलैमध्ये."

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मल्टीमीटरकडे.

"आणि आता तुम्ही एकटे नका राहू. मार्चअखेर मी न्यायला येतो. घर बंद करून ठेवू."

माझ्या हातातली मल्टीमीटरची दोन्ही टोकं एकमेकांना लागली. पीं — करून वाजलं. सुटी करायचंही सुचेना. वाजतच राहिलं.

 मग तो हळूच म्हणाला, "तो आवाज ओळखतो मी. आठ वर्षं घरात होता."

बाबा म्हणाले, "अरे, ते आपलं घड्याळ—"

"असू दे, बाबा. ठेवतो मी."

माझं नाव घेतलं नाही. राग नव्हता आवाजात. राग असता तर निदान काहीतरी मिळालं असतं.

उठले, हत्यारं पिशवीत भरली आणि निघाले. बाबा दारापर्यंत आले.  

२४ फेब्रुवारी

मूल होत नाही हे कारण नव्हतं, असं आम्ही दोघांनी सगळ्यांना सांगितलं होतं. एकमेकांनाही.

२ मार्च, रविवार

गेले नाही.  दुपारी आईनं माझ्या खोलीत चहा आणून ठेवला आणि दार लोटून घेतलं.

५ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोन. "नऊ नंबरचा दिवा लागत नाही. घाई नाही म्हणा. पण लागत नाही."

९ मार्च, रविवार

गेले. नऊ नंबरची वायर बाहेर लोंबत होती. स्क्रू मात्र घट्ट! हादऱ्यानं वायर निसटली असती तर स्क्रू सैल असता. कोणीतरी तो सैल केला, वायर ओढली आणि नीट पिळून पुन्हा बसवला. प्रुफं तपासणाऱ्याचा हात — चूकही टापटीप करणार.

"गाडीच्या हादऱ्यानं झालं असेल," बाबा म्हणाले.

"असेल."

वायर जोडली. पिवळा लागला. मग तिकडेच बघत सांगून टाकलं, "मी दिव्यांसाठी येत नव्हते. त्याचा आवाज ऐकायला येत होते. तुम्हाला फसवलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"अगं, माझे कान एवढे गेलेले नाहीत. फोन कानाला लावला तरी ऐकू येतं मला. स्पीकर तुझ्यासाठी लावत होतो." मग म्हणाले, "वाटायचं, तेवढंच तुला बरं वाटेल. आणि तू येत राहशील. दुसरं वाटणं जास्त होतं. माझंच चुकलं. त्या दिवशी ते तसं तुझ्या कानावर पडायला नको होतं."

मला रडू आलं. बाबा उठून गेले आणि पाण्याचा पेला घेऊन आले. तो माझ्या हातात न देता पॅनेलवर ठेवायला निघाले. मी ओरडले, "तिथे नको, वायरी उघड्या आहेत!" दोघंही हसलो. रडू अर्धवटच राहिलं.

अकराला फोन आला. बाबांनी तो कानाला लावला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बोलले. मी सहा सांधे जोडले.

१६ मार्च, रविवार

बावीसच्या बावीस. मागच्या वायरींना नंबर घातले, गठ्ठे बांधले. मोजपट्टीनं पाहिलं असतं तर त्यालाही खोट काढता आली नसती.

बाबा खुर्चीत बसले. मी मुद्दाम डोंगराच्या मागे उभी राहिले, गाडी दिसेल अशी. ते खटका दाबायचे, निळा विझायचा, क्षणभर दोन्ही अंधारे, मग पिवळा लागायचा. "आठवर वळली?" "वळली." "यार्डात शिरली?" "शिरली." मालगाडी सहा वेळा नेली-आणली. एकदाही उठले नाहीत. पंचाहत्तर वर्षांचा माणूस गाडी स्टेशनात घेताना श्वास रोखून बसतो.

पंधरा दिवसांनी खोलीला कुलूप. 

२९ मार्च

आज तो येऊन त्यांना घेऊन गेला. मी कारखान्यात होते. शनिवार असूनही खरंच जादा काम मागून घेतलं होतं.

६ एप्रिल, रविवार

आई म्हणाली, "आज कारखाना नाही का?" मग माझं तोंड बघून, "कपाटाचं बिजागर सैल झालंय, बघतेस का?" बिजागर ठणठणीत होतं. स्क्रू काढून पुन्हा बसवला.

१३ एप्रिल, रविवार

बाबांचा फोन. तिकडे सगळं उत्तम आहे. खोलीला दोन खिडक्या आहेत. सून फार करते, जागचं उठू देत नाही. सकाळी फिरायला बाग आहे. "आणि दिवसभर करता काय?" मी विचारलं. "खिडकीत बसतो. दोन आहेत ना. कधी या, कधी त्या."

हसायला हवं होतं. मला ते खुर्चीत दिसत राहिले. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. त्या घरी जाऊन नुसतं बंद दार बघून यावं असं वाटलं. बसस्टॉपपर्यंत गेलेही. मग परत आले.

२४ एप्रिल, गुरुवार

सकाळी सातला बेल. बाबा. हातात एक पिशवी, कुणाला न सांगता पहाटेची बस धरून आलेले. दार आईनं उघडलं. त्यांनी विचारलं, "आठ दिवस राहिलो तर चालेल का?" मला नाही, आईला. आई म्हणाली, "आधी आत तर या."

आठला त्याचा फोन आला. दोन वर्षांनी पहिल्यांदा, थेट माझ्याशी बोलायला. घाबरला होता. "बाबा तुझ्याकडे आहेत का?"

"आहेत. सुखरूप आहेत. त्यांच्या आंघोळीचं पाणी काढलंय, गार होतंय. तू नंतर कर," म्हटलं आणि ठेवून दिला.